तगर नगरीचे राखणदार

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची व बाजारपेठांची माहिती देणारें एक लहानसें पुस्तक लिहिलें. 'पेरिप्लस' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. ग्रंथकर्त्याचें नांव काळाच्या ओघांत बुडालें. परंतु कोणत्या बंदरांत कोणता माल उतरतो व कोणता चढतो, हें तो इतक्या बारकाईनें सांगतो कीं, त्याचें लिखाण एखाद्या पेढीवरच्या वहीसारखें वाटतें. दक्षिणापथांतील पेठांपैकीं दोन त्यास विशेष महत्त्वाच्या वाटल्या. पहिली पैठण, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असलेलें एक फार मोठें नगर. पैठणाहून मौल्यवान खडे येत. तगराहून जाडेंभरडें कापड, नाना प्रकारची मलमल आणि समुद्रकांठच्या मुलुखांतून तेथें गोळा झालेला इतर माल येई. हा सर्व माल धड रस्ते नसलेल्या प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोचास नेत, असें तो सांगतो. पुढच्या शतकांतील टॉलेमीच्या भूगोलांतहि तगराचें नांव आढळतें.

यांपैकीं पैठण कधींच हरवलें नाहीं. सातवाहनांची राजधानी म्हणून आणि पुढें एकनाथांचें गांव म्हणून तें लोकांच्या तोंडीं राहिलें. तगर मात्र हरवलें. विशेष हें कीं, नगराचें वैभव गेल्यावरहि त्याचा अभिमान उरला होता. कोंकणांत व कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर' हें बिरुद मोठ्या डौलानें मिरवीत. घराण्याचें मूळ ज्या नगरांत, तें दूर राहिलें; पण त्याचें नांव त्या राजांनीं टाकलें नाहीं. पुढें तींहि राज्यें लयास गेलीं, आणि तगर कोठें होतें हें सांगणारें कोणी उरलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत विद्वानांनीं या नगराचा शोध आरंभिला, तेव्हां बहुतेकांनीं नकाशा व पेरिप्लस समोर ठेवून दिवसांचीं अंतरें मोजलीं. विल्फर्ड यांस तें देवगिरीस दिसलें, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नर सुचविलें, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूरकडे बोट दाखविलें. अखेर १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं, तेव्हांच्या निजामी मुलुखांतील व आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें तेरणा नदीच्या कांठचें गांव म्हणजेच तगर, असें प्रतिपादन केलें. पुराणवस्तु खात्याचे हेन्री कझिन्स लगोलग तेरास जाऊन आले. तेथील पांढरीचीं टेकाडें, विटांचीं देवळें आणि जागोजाग विखुरलेले अवशेष पाहून त्यांनीं त्या मतास पुष्टि दिली. तगर म्हणजे तेर हें तेव्हांपासून अभ्यासकांत रूढ झालें.

ही हकीकत वर्गांत सांगतांना आम्ही फ्लीट व कझिन्स यांचीं नांवें घेतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांना शोधावयास कांहीं तरी उरलें होतें म्हणून त्यांचा शोध सफल झाला. मग तें कोणामुळें उरलें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. सुमारें दीड हजार वर्षें तेराला ना राजाचा आश्रय होता, ना पुराणवस्तुसंरक्षणाचा कायदा. तेथें होते ते केवळ तेरचे लोक. त्यांनीं काय राखलें, काय घालविलें व कां घालविलें, याचा हिशेब मांडल्यास जुन्या नगरांच्या रक्षणाविषयीं आजहि उपयोगी पडेल असें पुष्कळ हातीं लागतें.

पहिली गोष्ट नांवाची. प्राकृत बोलींत शब्दाच्या मध्यें आलेला 'ग' झिजून नाहींसा होतो. नगराचें 'नेर' झालेलीं संगमनेर, पारनेर, अमळनेर यांसारखीं गांवें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. त्याच रीतीनें तगराचें तेर झालें. हा बदल कोणीं ठरवून केला नाहीं, तसाच तो कोणीं अडविलाहि नाहीं. गांवावर राज्यें आलीं आणि गेलीं. पण पाटी लिहिणारे जेवढें बदलूं शकतात तेवढें बोलणारे बदलत नाहींत. नकाशावर अंतरें मोजून थकलेल्या पंडितांना जो पुरावा हवा होता, तो तेरच्या प्रत्येक गुराख्याच्या तोंडीं रोज येत होता. त्यांत गोरोबाकाकांची भर पडली. नामदेव-ज्ञानदेवांच्या मेळाव्यांतील हे वडीलधारे संत तेरचे कुंभार, आणि त्यांची समाधिहि तेरासच. त्यामुळें ज्याला तगर हें नांव ठाऊक नाहीं अशा वारकऱ्यालाहि तेर हें नांव पाठ आहे.

दुसरी गोष्ट देवळाची. तेरास त्रिविक्रमाचें देऊळ आजहि उभें आहे. त्याचा मागील भाग विटांचा असून त्याची पाठ अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाप्रमाणें बांकदार आहे. पुढील मंडप मागाहून जोडलेला. कार्ल्याचें लेणें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ही घडण लगेच ओळखूं येईल. डोंगरांत कोरलेलें चैत्यगृह बाहेर काढून, लहान करून, विटांत उभें केलें तर जसें दिसेल तसें हें देऊळ आहे. खडकांत कोरलेलीं चैत्यगृहें सह्याद्रींत ठिकठिकाणीं आहेत; परंतु जमिनीवर बांधलेलें व अजून छपरासह उभें असलेलें असें मंदिर सबंध देशांत फार विरळा. आंध्रांतील चेझर्ल्याचें कपोतेश्वराचें देऊळ हें त्याचें दुसरें ठळक उदाहरण होय. तेरचें मंदिर मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें, असें कझिन्स यांचें मत पडलें. तें मान्य करणारे आहेत, तसे तें प्रथमपासूनच ब्राह्मणी देवालय होतें असें मानणारेहि आहेत. वाद कसाहि मिटो. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, आंत देव राहिला म्हणून वर छप्पर राहिलें. रोज दिवा लावणारा पुजारी गळती लागलेली पाहतो, आणि गळती दिसली म्हणजे गांव चार विटा व पाटीभर चुना घेऊन येतो. या शेंकडों किरकोळ डागडुज्यांची नोंद कोणत्याहि ताम्रपटांत नाहीं.

उलट बाजूहि पाहिली पाहिजे. तेराच्या उत्खननांत विटांच्या एका मोठ्या स्तूपाचा पाया उघडा पडला; चाकाच्या आऱ्यांप्रमाणें आंतून भिंती घालून तो रचलेला होता. त्या स्तूपाचे उपासक गेले आणि मागोमाग स्तूपहि मातीआड झाला. ज्या वास्तूचा जिवंत माणसांशीं संबंध तुटतो, ती लोकांच्या लेखीं विटांची रास होऊन बसते. या राशींचें पुढें काय होतें, हें मराठवाड्यांत हिंडलेल्यांस सांगावयास नको. धाब्याच्या घरावर पावसाळ्यापूर्वीं घालावयास पांढरी माती लागते. ती जुन्या टेकाडांवरून येते. त्याच मातीचें खत शेतास मानवतें. आयती भाजलेली वीट सांपडली तर नवी भाजण्याचा खर्च वांचतो. जुन्या नगराच्या भिंती अशा रीतीनें नव्या गांवाच्या भिंतींत शिरतात. यांत दुष्टबुद्धि नसते. पोटाचा व डोक्यावरील छपराचा प्रश्न सोडविणारा माणूस सातवाहनांचा शत्रु ठरत नाहीं. त्या टेकाडांत आणखी कांहीं आहे, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें एवढेंच.

तेरास हें सांगणारा, किंबहुना करून दाखविणारा, एक माणूस निघाला. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. आपल्या गांवच्या भूमींतून वर येणाऱ्या वस्तु गोळा करून जपण्याचा छंद त्यांनीं घेतला. पावसाच्या पाण्यानें टेकाडाची माती धुपली कीं अशा वस्तु उघड्या पडतात. नांगराच्या फाळाबरोबर वर येतात. पाया खणतांना हाताला लागतात. भाजलेल्या मातीच्या व पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्ति, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणीं, दिवे, हस्तिदंताचे नमुने, असा मोठा संग्रह त्यांच्यापाशीं जमला. इतरांनीं जें खापर म्हणून भिरकावलें असतें तें त्यांनीं उचलून घरांत ठेवलें. या संग्रहावरून तेरचे कारागीर दोन साच्यांत माती दाबून पोकळ मूर्ति कशा करीत, रोमन नाण्यांचे छाप मातींत उतरवून त्यांचीं पदकें कशीं बनवीत, हें जगापुढें आलें. ब्रिटिश अभ्यासक डग्लस बॅरेट यांनीं १९६० सालीं तेरावर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याला आधार लामतुरे यांच्या संग्रहाचाच होता. पुढें तो संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि त्यांच्याच नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय तेर येथें उभें राहिलें. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लांकडी चौकटहि आज तेथेंच पाहावयास मिळते.

येथें लेख संपविला असता तर तो एका थोर ग्रामस्थाचा गौरव होऊन राहिला असता. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक पाऊल टाकणें भाग आहे, आणि त्यासाठीं लामतुरे यांच्या संग्रहांतील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कथा पाहणें उपयोगी होईल.

१९३८ सालीं इटलींतील पाँपेई या शहराच्या उत्खननांत, अमेदेओ मैउरी यांच्या देखरेखीखालीं, अलंकारांनीं नटलेल्या एका भारतीय स्त्रीची वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ति एका घरांत सांपडली. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं तें शहर गाडलें गेलें. तेव्हां ती मूर्ति ७९ पूर्वींची, याविषयीं शंका घेण्यास जागाच नाहीं. तिच्याशीं निकट साम्य असलेली मूर्ति लामतुरे यांच्या संग्रहांत आढळली. पुढें १९७३ सालीं जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें डॉ. शां. भा. देव व डॉ. गुप्ते यांनीं उत्खनन केलें. त्यांतहि त्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला. या तीन वस्तूंवरून, पाँपेईच्या श्रीमंताच्या घरांतील ती मूर्ति आपल्याच दख्खनच्या कारागिरांच्या हातची असावी, असें कांहीं अभ्यासक मानूं लागले. पेरिप्लसकारानें सांगितलेल्या गाड्यांच्या वाटेला दुसऱ्या टोंकाहून आलेली ही जणूं पोंचपावतीच होय.

परंतु या तीन मूर्तींची साक्ष सारख्या वजनाची नाहीं. पाँपेईच्या मूर्तीचें घर ठाऊक आहे आणि काळाची मर्यादाहि ठाऊक आहे. भोकरदनचा तुकडा मोडका खरा. पण तो कोणत्या थरांतून निघाला, त्याच्या शेजारीं कोणतीं भांडीं व कोणतीं नाणीं होतीं, याची नोंद खणणाऱ्यांनीं केली आहे. तेरची मूर्ति अशा नोंदीवांचून संग्रहांत आली. ती सुंदर आहे, अस्सल आहे. पण तिला तिचा काळ पाँपेईहून उसना घ्यावा लागतो. ज्या थरांत ती दोन हजार वर्षें पडून होती त्या थरानें आपण होऊन सांगितलेलें तिच्याजवळ कांहीं नाहीं. जमिनींतील थर हे पुस्तकाच्या पानांसारखे असतात. एखादें सुंदर चित्र पान फाडून काढून घेतलें तर चित्र वांचतें, पण तें कोणत्या प्रकरणांतलें हें कळेनासें होतें.

याचा दोष आम्ही लामतुरे यांस देत नाहीं. त्यांनीं उचललें नसतें तर ती मूर्ति पुढच्या पावसांत वाहून गेली असती किंवा एखाद्या फिरत्या व्यापाऱ्याच्या गांठोड्यांतून परदेशीं गेली असती. त्या काळीं तेरास थरांची नोंद करावयास शिकवील असें कोण होतें? १९१४ सालीं हैदराबाद संस्थानानें पुराणवस्तु खातें स्थापिलें खरें. परंतु अजिंठा, वेरूळ आणि सबंध संस्थानांतील लेणीं, किल्ले, मशिदी व मंदिरें त्याच्या डोक्यावर होतीं. तेरचें पद्धतशीर उत्खनन व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें, त्याचा श्री. चापेकर यांनीं लिहिलेला वृत्तांत प्रसिद्ध झाला तो १९६९ सालीं. पुढेंहि तेथें वेळोवेळीं उत्खननें झालीं. शास्त्र तेरास पोंचण्याआधीं प्रेम पोंचलें होतें, इतकाच याचा अर्थ. आम्हांस दुःख होतें तें याचें कीं, तीं दोन्ही वेळेवर एकमेकांस भेटलीं नाहींत.

कायद्यानें हें काम होणार नाहीं का, असें कोणी विचारील. कायदे आहेत, आणि ते हवेतच. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा गुप्तनिधि सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक केलें. १९०४ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्र राज्याचा कायदा झाला. १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तूंचा व्यापार व निर्यात यांस आळा घातला. २०१० सालीं केंद्रसंरक्षित स्मारकांभोंवतीं शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. हे सर्व कायदे चोराला, दलालाला व बेफाम बांधकाम करणाऱ्याला धाक घालण्यापुरते उपयोगी आहेत. परंतु ज्या शेतकऱ्याला नांगरतांना एक मूर्ति सांपडते, त्याच्या मनांत कायदा प्रथम भीतीच उत्पन्न करतो. सांगितलें तर सरकार शेत घेईल, चौकशा होतील, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, असें त्याला वाटतें. मग तो ती मूर्ति एक तर पुन्हां पुरतो, नाहीं तर विहिरींत टाकतो, नाहीं तर पारावर ठेवून शेंदूर लावतो. या तिन्हींत शेंदूर हाच त्यांतल्या त्यांत बरा. पण तो नाइलाज झाला.

खरा उपाय, आमच्या मतें, तेरासच अर्धा झालेला आहे. लामतुरे यांचा संग्रह एखाद्या महानगराच्या कांचेच्या कपाटांत न जातां, ज्या मातींतून तो निघाला तिच्याच उशाशीं राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. पैठणासहि बाळासाहेब पाटील यांच्या नांवाचें असेंच शासकीय संग्रहालय आहे. पेरिप्लसकारानें ज्या दोन पेठांचीं नांवें जोडीनें घेतलीं, त्या दोन्ही ठिकाणच्या संग्रहालयांस तेथल्याच संग्राहकांचीं नांवें असावीत, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो. गांवच्या मुलाला आपल्या आज्याच्या शेतांतील खापर कपाटांत नांव लावून ठेवलेलें दिसलें, तर पुढचें खापर तो पायानें उडविणार नाहीं.

उरलेला अर्धा उपाय आपणां सुशिक्षितांकडे आहे. तेराविषयीं आजवर जें संशोधन झालें त्यांतलें महत्त्वाचें बरेंचसें इंग्रजींत आहे. ज्यांच्या अंगणांतील माती चाळून हें ज्ञान मिळविलें, त्यांना वाचतां येईल अशा भाषेंत तें परत केलें पाहिजे. तें देणें आहे, उपकार नव्हे. जुन्या गांवांतील शाळामास्तर, ग्रामसेवक व चार जाणते शेतकरी यांना एवढेंच शिकवावें कीं, वस्तु सांपडली तर ती उचलण्याआधीं जागा लक्षांत ठेवा, किती हात खोल होती तें पाहा, सोबत काय निघालें तें लिहा, आणि संग्रहालयांत कळवा. कळविणाऱ्याचें नांव वस्तूखालीं लिहिलें जाईल, अशी रीत पडली तर शिपाई पाठवावा लागणार नाहीं. आणि आणखी एक, जें सांगतांना संकोच वाटतो: टेकाडावरील एखादा मणी किंवा नक्षीचें खापर 'आठवण' म्हणून खिशांत घालणारे बहुधा सहलीस गेलेले शिकलेले लोकच असतात. पाटीभर माती छपरासाठीं नेणाऱ्या कुणब्यास निदान गरज तरी होती.

गोरोबाकाकांची ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असतां त्यांनीं आपलें थापटणें घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर ठोकून पाहिलें, आणि कोणतें मडकें पक्कें व कोणतें कच्चें हें सांगितलें. कच्चें ठरलेले नामदेव रुसले. पण तेथेंच थांबले नाहींत, गुरूच्या शोधास निघाले. तेरच्या टेकाडांवर आजहि पहिला पाऊस पडतो, माती धुपते आणि कोठें तरी एखादा मणी चमकतो. तो बहुधा एखाद्या पोराच्याच नजरेस पडतो. त्या पोरानें तो कोणाला दाखवावा, आणि 'कोठें सांपडला रे?' असें विचारून जागा लिहून घेणारें कोणी त्याला भेटावें कीं नाहीं, यावर आपली परीक्षा दर पावसाळ्यांत होत असते.